उजवीकडचा मागचा जावई

माझ्या घरात जावई पाच आणि मुलगी एकच. ऐकणारा दचकतो, म्हणून आधीच सांगून टाकतो: जावई म्हणजे माझ्या हॉलमधले पाच स्पीकर. हे नाव बायकोनं ठेवलं. तिचं म्हणणं असं, की यांना जागेवरून हलवायचं नाही, यांच्या अंगावर धूळ बसू द्यायची नाही, यांच्या तोंडासमोर कुणी बसायचं नाही, आणि एवढं करूनही हे अधूनमधून रुसणार ते रुसणारच. मग जावई नाहीत तर कोण? तिघं समोर बसतात, दोघं मागे. कोपऱ्यात एक बुटका काळा खोका आहे, तो फक्त खालचा, घुमणारा आवाज काढतो. त्याला ती व्याही म्हणायची. एरवी गप्प, पण बोलायला लागला की भिंती हादरतात.

या सगळ्यांच्या मधोमध माझी खुर्ची. तिच्या चारही पायांभोवती मी जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, म्हणजे झाडताना हलली तरी परत बरोबर त्याच जागी यावी. माझ्याकडच्या डिस्क साध्या नाहीत. साध्या डिस्कमधलं गाणं समोरून येतं. यांच्यात ते पाच बाजूंना वाटलेलं असतं, आणि इतकं बारीक, की गाणाऱ्यानं श्वास कधी घेतला तेही कळावं. तुम्ही गाण्यासमोर बसत नाही, गाण्याच्या आत बसता. पण त्यासाठी खुर्ची जागेवर लागते. वीतभर इकडेतिकडे झाली की सगळं बिनसतं.

बायकोसाठी एक बुटकं स्टूल होतं. त्यावर बसून ती क्रोशानं काहीबाही विणायची आणि बोलत असायची. आधी ती माझ्या उजवीकडे, खिडकीपाशी बसायची. पुढे कधीतरी तिला काय लहर आली कोण जाणे, स्टूल उचललं आणि माझ्या डावीकडे, डाव्या बाजूच्या मागच्या जावयाच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायला लागली. त्यावरून आमची रोज जुंपायची.

"अगं, त्याच्या तोंडासमोर बसू नकोस. आवाज अडतो."

"अहो, इथे उजेड बरा आहे," ती म्हणायची आणि विणत राहायची.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तेव्हापासून संध्याकाळी दिवे लावले की मी खुर्चीत बसतो आणि एखादी डिस्क लावतो. चारचौघं गातात, वाजवतात, मध्ये मी. घरात माणसं असल्यासारखं वाटतं आणि त्यांच्यासाठी चहा करावा लागत नाही.

त्या नव्या डिस्कनं मात्र माझी झोप उडवली. गोल करून उभ्या राहून गाणाऱ्या मंडळींची डिस्क होती ती, वाद्य एकही नाही. खूप वाट बघून मागवली होती. लावली आणि माझा पारा चढला. दुसऱ्या गाण्यात टक-टक असा आवाज, कुणी नखानं टेबल वाजवत असावं तसा. मग मध्येच सगळे एकदम गप्प, आणि अडखळत पुन्हा सुरू. तिसऱ्या गाण्यात तर कहर झाला. सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं, की हे गाणं एक बाई एकटीच सुरू करते, मागून, उजवीकडून, आणि मग एकेक जण तिला येऊन मिळतो. माझ्याकडे उजवीकडचा मागचा जावई तोंड फुगवून बसलेला. त्या बाईचा आवाज म्हणजे बंद दारापलीकडची कुजबुज. बाकीचे सगळे हो ला हो म्हणतायत आणि मुळात बोलणारं माणूसच नाही, असा प्रकार.

नेमका तेव्हाच मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या गावी असते, दातांची डॉक्टर आहे. लोकांची तोंडं उघडायची सवय असल्यामुळे बापाचं तोंड बंद कसं करायचं तेही तिला जमतं. गेल्या खेपेला आली तेव्हा ती दाराबाहेर ताटकळत उभी होती. मी आत पेपर वाचत बसलो होतो. तिनं बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी शेजारणीकडे ठेवलेली किल्ली आणून आत आली. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता.

"बाबा, तुम्हाला ऐकायला कमी येतं."

"मला? अगं, डिस्कवरच्या केसाएवढ्या चऱ्याचा टक मला ऐकू येतो. तुला येईल का?"

"मग बेल का नाही आली?"

"बेलच मरतुकडी आहे."

"मला बाहेरून ऐकू येत होती ना!"

मग ती हळू आवाजात बोलली, म्हणजे हट्टाला पेटली. मला एकट्याला ठेवणं तिला आता पटत नव्हतं. रस्त्यात मागून गाडी आली तर? कानांचं काही निघालं तर मी तिच्याकडे राहायला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिच्याकडची ती खोली मी पाहिली आहे. स्वच्छ आहे, हवेशीर आहे, आणि तिच्यात एक पलंग, एक कपाट आणि एक माणूस मावतं. जावयांना तिथे थारा नाही.

"हे बघ," मी म्हणालो, "या डिस्कमध्ये उजवीकडचा मागचा आवाज नाहीये. मी शोधून काढतो काय ते. दोष डिस्कचा नाहीतर सामानाचा निघाला, तर कान हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि नाही निघाला तर?"

"तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

"आणि नंतर माझ्याकडे."

"नंतर तुझ्याकडे. मुकाट्यानं."

"रविवारी येते," ती म्हणाली. "तोवर शोधा."

पैज मी उगीच लावली नव्हती. दोष शोधणं हा माझा धंदाच होता. नोकरीभर मी दुकानादुकानांतून वजनमापं तपासत फिरलो. वजन खोटं आहे की तराजू खोटा, हे ओळखायची एक साधी रीत असते. डाव्या पारड्यातलं उजव्यात ठेवायचं आणि उजव्यातलं डाव्यात. झुकणारी बाजू बदलली, तर खोट वजनात. तीच बाजू पुन्हा झुकली, तर खोट तराजूत. दुकानदार गयावया करायचे, चहा मागवायचे, सासूच्या आजारपणाच्या कहाण्या सांगायचे. मी कहाणी ऐकून घ्यायचो, चहा प्यायचो आणि पारडी बदलायचो.

डिस्कच्या पाकिटावर तक्रारीसाठी एक नंबर होता. मी फिरवला. फोन मी नेहमी डाव्या हातात धरतो, उजवा स्क्रू-ड्रायव्हरसाठी मोकळा लागतो. पलीकडे एक बाई होती. तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते आणि कुठलातरी पंखा करकरत होता.

"सर, डिस्क कशानं पुसता तुम्ही?"

"सदऱ्याच्या टोकानं. धुतलेला असतो."

"आणि कशी? गोल गोल?"

"मग काय चौकोनी पुसू?"

ती हसली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. घरात कुणी हसल्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला होता, फोनमधून का होईना.

"गोल पुसलं ना, की धुळीचा कण डिस्कच्या वाटेनंच फिरतो आणि चरा लांबच लांब पडतो," ती म्हणाली. "मऊ कापड घ्या आणि मधून बाहेर सरळ पुसा. मला यातलं फार कळतं असं नाही हं. रोज तेच सांगून पाठ झालंय."

मी चष्म्याचं कापड घेतलं आणि मधून बाहेर पुसलं. दुसऱ्या गाण्यावर बोटाचा तेलकट ठसा होता. माझ्याच. टक-टक बंद झाली. मी तिला फोन करून तसं सांगितलं, आणि राहिलेल्या दोन तक्रारींची आठवणही करून दिली, नाहीतर तिनं फाइल मिटवली असती.

"अडतं ते एकाच ठिकाणी की कुठेही?" तिनं विचारलं.

"कुठेही. सुरुवातीला बरं असतं, मग लागतं अडखळायला."

"म्हणजे प्लेअर तापत असेल. त्याच्यावर काही ठेवलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

ठेवलं होतं. प्लेअरवर क्रोशाचा एक रुमाल होता, पांढरा, कडेला निळी नक्षी. बायकोनं विणलेला. ती होती तेव्हा त्यावरून मी रोज कटकट करायचो, की यंत्राला हवा लागते, हा काय टीपॉय आहे का? ती घालायची, मी काढायचो. ती परत घालायची. ती गेल्यावर मी तो माझ्या हातानं घातला आणि मग काढलाच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांत खुसपटं काढणाऱ्या माणसाला आपल्या यंत्राचा जीव गुदमरतोय हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. काढवत नव्हता.

फोन ठेवून मी तो काढला. खालून प्लेअर गरम भांड्यासारखा लागत होता. रुमालाची घडी केली. कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून खुर्चीच्या हातावर ठेवली. डिस्क शेवटपर्यंत न अडखळता वाजली आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

राहिला उजवीकडचा मागचा जावई. तक्रारवाल्या बाईनं दुसरी डिस्क पाठवली. तीही तशीच. "तुमचा सगळा घाणाच बिघडलाय," मी तिला सुनावलं. ती म्हणाली, "काका, याच डिस्कबद्दल दुसऱ्या कुणाचा फोन नाही आला." सर म्हणता म्हणता ती काका कधी म्हणायला लागली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिच्या फोनची सवय लागली होती. सकाळी दाढी करताना मी तिला काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवायचो. त्या आठवड्यात पेपरवाला आणि ती, एवढीच माणसं माझ्याशी बोलली होती, आणि पेपरवाला फक्त मान हलवतो.

मी तिला पारडी बदलायची रीत समजावून सांगितली. तिला आवडली. "म्हणजे डावं उजवीकडे न्यायचं आणि बघायचं खोट कुणाबरोबर जाते," ती म्हणाली. "हे बरंय की!"

"बरं काय? हेच खरं. बाकी सगळे अंदाज."

मी कामाला लागलो. ॲम्प्लिफायरच्या मागे हात घालून मागच्या दोन जावयांच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. तिसरं गाणं लावलं. आणि ती बाई गायली! डावीकडून, मागून, लख्ख. मी खुर्चीत ताठ झालो. पण आता डावीकडचे गाणारे उजवीकडच्या जावयाकडे गेले होते, आणि आता ते कुजबुजत होते. बाजू तीच झुकत होती. याचा अर्थ डिस्क चांगली होती, प्लेअर चांगला होता, ॲम्प्लिफायरही चांगला होता. पैजेचं एक पारडं रिकामं झालं, पण सामान अजून बरंच बाकी होतं.

मग वायरी पुन्हा पहिल्यासारख्या लावून मी दोन्ही जावयांना उचलून जागा बदलायला लावली. वजनदार आहेत मेले. कमरेत चमक भरली. रुसलेला जावई डावीकडे जाऊन मजेत गायला लागला आणि भला जावई उजवीकडे येऊन रुसला. म्हणजे स्पीकरही चांगले. वायर नवी आणून टाकली, गुण शून्य. मग मी कोपऱ्यावर घसरलो. उजवीकडे खिडकीचा जाड पडदा आहे, तो आवाज गिळत असणार. स्टुलावर चढून पडदा काढला. कपाट सरकवलं. खोली उघडीबोडकी दिसायला लागली. समोरच्या इमारतीतल्या माणसांना मी आता खुर्चीत बसलेला स्पष्ट दिसत असणार, आणि माझ्याभोवती रिकामी जागाही.

कुजबुज तशीच.

शनिवारी सकाळी तक्रारवालीचा फोन आला. मी सगळा पाढा वाचला. तिनं ऐकून घेतलं. पंखा करकरत होता.

"काका, वायर बदलली, स्पीकर बदलला, पडदा काढला. मग आता बदलायचं काय राहिलं?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय."

"तुम्ही राहिलात की."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही उलटं तोंड करून बसा ना एकदा. तुमचीच रीत आहे. डावं उजवीकडे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी डिस्कची तक्रार केलीय, माझी नाही!" असं काहीतरी मी ओरडलो आणि फोन आपटला. नंतर कितीतरी वेळ त्या फोनकडे बघत बसलो. तो काही वाजला नाही. का वाजेल? ओरडणाऱ्याला कोण परत फोन करतं?

दिवसभर मी घरात फेऱ्या मारल्या. जेवण गेलं नाही. खुर्ची फिरवायची म्हणजे काय? इतक्या वर्षांत ती कधी फिरवली नव्हती. फिरवायची गरजच काय होती? समोरचे समोर, मागचे मागे, मध्ये मी. मला धरूनच तर सगळं मापलं होतं. हे असलं मी दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं. साहेब, तराजूला हात लावू नका, तो वडिलांच्या वेळचा आहे. आणि मी हसायचो.

संध्याकाळी दिवे लावले. खुर्चीच्या हातावरची रुमालाची घडी उचलून खिशात ठेवली, खुर्ची उचलली आणि फिरवली. पांढऱ्या पट्ट्यांत पाय नीट बसवले. बसलो. समोर आता मागची भिंत होती. जो जावई उजवीकडे असायचा तो डाव्या हाताला आला होता. रिमोटचं बटण दाबलं.

ती बाई गायली. लहान नव्हती, आवाजाला सुरुवातीला थोडी खरखर होती, झोपेतून उठल्यावर असते तशी. तिनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. एक सूर तिनं जरा जास्तच लांबवला आणि तो संपता संपता दुसरं कुणीतरी तिला येऊन मिळालं. इतके दिवस ती तिथेच होती. प्रत्येक वेळी तिनं गाणं असंच सुरू केलं होतं. आणि आता माझ्या उजव्या हाताला, जिथे कालपर्यंत सगळं ठणठणीत होतं, तिथे कुजबुज होती.

खोट खुर्चीबरोबर फिरली होती. तराजूच खोटा होता, आणि तराजू मी होतो.

मी गाणं थांबवलं. पैज हरलो म्हणून वाईट वाटलं, हे खरं आहे. ती हवेशीर खोली डोळ्यांसमोर आली. पण मी बघत होतो ते भलतंच. मागच्या भिंतीकडे तोंड करून मी या खुर्चीत कधी बसलोच नव्हतो, त्यामुळे ते स्टूल मला इथून कधी दिसलं नव्हतं. पडदा काढून झाल्यावर मी ते सवयीनं त्याच्याच जागी नेऊन ठेवलं होतं, तिनं शेवटी जिथे ठेवलं होतं तिथे, त्या डाव्या बाजूच्या जावयापाशी. खोलीतला तो सगळ्यात अंधारा कोपरा आहे. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे. पडदा काढल्यामुळे आता तर ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

इथे उजेड बरा आहे, म्हणे.

मग एकेक आठवायला लागलं. पलंगावर ती उजव्या बाजूला झोपायची. एके दिवशी म्हणाली, मला भिंतीकडची बाजू हवी, वारा लागतो. आणि डावीकडे आली. रस्त्यानं चालताना माझा उजवा हात सोडून वळसा घालून डावीकडे यायची. मी विचारलं तर म्हणाली, माझी पिशवी त्या खांद्यावर जड होते. जेवायच्या टेबलावरही जागा बदलली होती. दर वेळी कारण वेगळं आणि दर वेळी मी त्यावरून तिला चिडवलं होतं, की तुझं एक जागी बूड ठरत नाही. तेव्हा मला वाटायचं, मधे काही दिवस ही घुमी झाली होती, आता पुन्हा बोलायला लागली. ती घुमी झालीच नव्हती. ती उजवीकडून बोलत होती.

तिनंही पारडी बदलून पाहिली होती. माझ्याआधी कितीतरी वर्षं. तिला खोट सापडली होती, आणि मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते तिला पक्कं माहीत होतं: ओरडलो असतो आणि काहीतरी आपटलं असतं. म्हणून तिनं तराजूला हात लावला नाही. आपणच उठली आणि दुसऱ्या पारड्यात जाऊन बसली.

मला रडू आलं. रडताना माणूस आजूबाजूला कुणी नाही ना ते बघतो. बघायची गरज नव्हती.

मी तक्रारवालीला फोन केला. शनिवारची वेळ संपत आली असावी, मागचे फोन वाजत नव्हते.

"सकाळी जरा जास्तच बोललो," मी म्हणालो.

"सवय आहे काका. काय झालं? सापडलं?"

"सापडलं."

"अरे वा! मग तक्रार बंद करू ना?"

बंद केली की उद्यापासून हिला फोन करायला माझ्याकडे कारण उरणार नव्हतं. दाढी करताना जुळवायला काही उरणार नव्हतं. एखादा खोटा टक-टक सांगावा, असंही क्षणभर मनात आलं. पण आयुष्यभर खोटी मापं पकडलेला माणूस मी.

"करा," मी म्हणालो.

"दोष कशात होता ते टाकावं लागतं इथे."

"ऐकणाऱ्यात, असं टाका."

"कुठल्या बाजूचा, काका?"

"उजवा."

"माझ्या सासऱ्यांनाही तसंच आहे," ती म्हणाली. "काळजी घ्या." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. घरात इतकी शांतता झाली, की ती डावीकडून येते की उजवीकडून, हे सांगता आलं नसतं.

रविवारी मी सकाळपासून दारापाशीच खुर्ची टाकून बसलो. हॉलमधली नाही, स्वयंपाकघरातली. डावा कान दाराकडे करून. बेल पुन्हा चुकवायची नव्हती. ती वाजली आणि मी पहिल्याच खेपेला दार उघडलं. मुलगी बेलवरचं बोट काढायलाही विसरली.

"बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

"आत तर ये."

ती हॉलमध्ये आली. पडदा नाही, कपाट सरकलेलं, जावई इकडचे तिकडे, खुर्ची भिंतीकडे तोंड करून. "हे काय करून ठेवलंय?" म्हणाली, पण रागावली नाही. मी खुर्ची फिरवून पुन्हा पहिल्यासारखी लावली आणि बसलो. ती स्टूल घेऊन खिडकीपाशी, माझ्या उजवीकडे टेकली. काहीतरी बोलायला लागली. तिचे ओठ मला दिसत होते. शब्द अर्धेमुर्धे येत होते, गाळणीतून यावेत तसे. आजवर अशा वेळी मी मान हलवून मोकळा होत आलो होतो.

"अगं, इकडे ये," मी म्हणालो. "या बाजूला बस. डावीकडे."

"का?"

"इथे उजेड बरा आहे."

तिनं खिडकीकडे बघितलं. मग मी दाखवलेल्या कोपऱ्याकडे बघितलं.

"बाबा, खिडकी तर इकडे आहे."

"हो," मी म्हणालो. "डिस्क चांगली आहे. सामानही चांगलं आहे. सगळं."

ती उठली, स्टूल उचललं, खुर्चीला वळसा घालून आली आणि माझ्या डाव्या हाताला ते ठेवून बसली. डाव्या बाजूचा मागचा जावई पार झाकला गेला. मी तिला सरकायला सांगितलं नाही.